प्रमाण आणि प्रकाशन : बंगळूरच्या विज्ञानपत्रिकांचा एक विचार

१

वाङ्मयाच्या इतिहासात नियतकालिकांचे स्थान आता वादातीत झाले आहे. 'विविधज्ञानविस्तार', 'करमणूक', 'मनोरंजन' आणि 'सत्यकथा' ही नावे वगळून अर्वाचीन मराठी वाङ्मयाचा इतिहास कोणी लिहू म्हणेल, तर त्याला तो लिहिता येणार नाही. हरिभाऊंची कादंबरी 'करमणूक'च्या आठवड्या-आठवड्याच्या निकडीत वाढली आणि नवकथेला तिचा वाचक लाभला तो 'सत्यकथे'च्या पानांतून, हे अभ्यासक गृहीत धरूनच पुढे जातात. विज्ञानाच्या इतिहासात मात्र नियतकालिकाला असा मान क्वचितच मिळतो. तेथे शोध लावणारा मनुष्य दिसतो, त्याची प्रयोगशाळा दिसते, फार तर त्याचे प्रतिस्पर्धी दिसतात. ज्या पत्रिकेने तो शोध जगापुढे ठेवला तिचे नाव तळटीपेत जाऊन बसते.

या उपेक्षेतून दोन परस्परविरुद्ध समज रूढ झाले आहेत. पहिला असा, की प्रकाशक हा निव्वळ मध्यस्थ आहे. संशोधन शास्त्रज्ञ करतो, त्याचा खर्च सरकार किंवा विद्यापीठ सोसते, लेखाची परीक्षा दुसरे शास्त्रज्ञ बहुधा विनामूल्य करतात आणि छापलेला लेख विकत घेण्याचा खर्च पुन्हा विद्यापीठाच्याच ग्रंथालयावर पडतो. तेव्हा प्रकाशकाने केले काय? दुसरा समज याच्या अगदी उलट आहे. अमुक परदेशी पत्रिकेत लेख आला एवढ्यावरच तो श्रेष्ठ ठरतो, आणि जो तेथे आला नाही तो वाचण्याचीही गरज उरत नाही. पहिल्या समजात प्रकाशकाचे काम दिसत नाही, दुसऱ्यात त्याच्या नावापलीकडे काहीच दिसत नाही.

या दोन्ही समजांची परीक्षा घेण्यास बंगळूरइतके सोयीचे शहर हिंदुस्थानात दुसरे नाही. गेली नव्वदांहून अधिक वर्षे तेथे शास्त्रज्ञांनी स्वतःच प्रकाशकाचे काम केले आहे आणि त्या कामाचे गुण व दोष त्यांच्याच पत्रिकांच्या जुन्या अंकांत वाचावयास मिळतात. लंडनच्या रॉयल सोसायटीचे चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली 'फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स' सुरू केले, तेव्हापासून विज्ञानपत्रिकेकडे स्थूलमानाने चार कामे आली आहेत : शोधाची तारीख नोंदणे, त्याची परीक्षा करणे, तो दूरवर पोचवणे आणि तो जतन करणे. ही चारही कामे बंगळूरच्या इतिहासात वेगवेगळ्या प्रसंगी, कधी उत्तम रीतीने तर कधी उणेपणाने, पार पडलेली दिसतात.

२

पहिला प्रसंग बंगळूरला पत्रिका निघण्याच्याही आधीचा आहे. १६ मार्च १९२८ रोजी चंद्रशेखर वेंकट रामन यांनी बंगळूर येथे साउथ इंडियन सायन्स असोसिएशनपुढे एक व्याख्यान दिले. द्रवातून जाणारा प्रकाश विखुरतो तेव्हा त्यातील काही अंशाचा रंग, म्हणजे तरंगलांबी, बदलते, हे त्यांनी व के. एस. कृष्णन यांनी त्याच वर्षीच्या २८ फेब्रुवारीला कलकत्त्यास वर्णपटात पाहिले होते. व्याख्यानाचा विषय हाच होता. रामन तेथेच थांबले नाहीत. व्याख्यानाचा मजकूर कलकत्त्यास तातडीने छापून घेण्यात आला, 'इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स'मधील लेख म्हणून ३१ मार्च रोजी तो प्रसिद्ध झाला आणि त्याच्या सुट्या प्रती जगभरच्या शास्त्रज्ञांकडे टपालाने रवाना झाल्या. ही पत्रिका कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेची असून ती रामन यांनीच १९२६ साली सुरू केली होती.

या घाईचे मर्म मॉस्कोकडे पाहिल्याखेरीज ध्यानात येत नाही. तेथे लँड्सबर्ग व मांडेलश्ताम या दोन शास्त्रज्ञांनी स्फटिकांवर प्रयोग करीत असता हाच परिणाम त्याच फेब्रुवारी महिन्यात पाहिला होता. त्यांची निरीक्षणे रामन यांच्याही काही दिवस आधीची आहेत. पण त्यांचा लेख 'नाटुरविसेनशाफ्टेन' या जर्मन पत्रिकेत प्रसिद्ध झाला तो जुलै महिन्यात. रशियन शास्त्रज्ञांनी या परिणामाला पुढेही वेगळे नाव दिले. जगाने मात्र त्याला 'रामन परिणाम' म्हटले आणि १९३० सालचे नोबेल पारितोषिक एकट्या रामन यांना मिळाले. त्या निर्णयामागे इतरही कारणे असतील. तथापि एकाच महिन्यात दोन देशांत दिसलेल्या गोष्टीच्या श्रेयाचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा पुढे ठेवावयास छापील तारखा होत्या, ही गोष्ट लहान नव्हे. प्रयोगशाळेतील वहीत लिहिलेली तारीख संशोधकापुरती खरी असते. ती सर्वांसाठी खरी व्हावयाची तर तिला त्रयस्थ साक्षीदार लागतो, आणि पत्रिका हा असा साक्षीदार आहे.

येथे आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. रामन यांनी केवळ स्वदेशी पत्रिकेवर भिस्त ठेवली नव्हती. त्यांची व कृष्णन यांची एक टिपणी लंडनच्या 'नेचर' साप्ताहिकात त्याच ३१ मार्चच्या अंकात आली आणि रामन यांची पुढची टिपणी २१ एप्रिलच्या अंकात. आपली पत्रिका हाती असावी, पण जग जेथे पाहते तेथेही आपले अक्षर उमटावे, हे द्वंद्व प्रथमपासून असे आहे. हिंदी शास्त्रज्ञाला ते अद्याप सोडवता आलेले नाही.

३

म्हैसूर संस्थानातील बंगळूर हे त्या काळी विद्येचे वाढते केंद्र होते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स ही संस्था १९०९ साली स्थापन झाली होती. १९१६ साली म्हैसूर विद्यापीठ निघाले आणि त्याचे सेंट्रल कॉलेज याच शहरात होते. जुलै १९३२ मध्ये 'करंट सायन्स' या मासिकाचा पहिला अंक येथून निघाला. त्याचे पहिले संपादक सी. आर. नारायण राव हे सेंट्रल कॉलेजात प्राणिशास्त्राचे प्राध्यापक होते, आणि बेडकांचा त्यांचा अभ्यास प्रसिद्ध आहे. मासिकाचा घाट 'नेचर'सारखा होता : संपादकीय, छोट्या संशोधन-टिपण्या, ग्रंथपरीक्षणे, संस्थांचे वृत्त. मोठा प्रबंध तयार होईपर्यंत वाट न पाहता संशोधकाने आपले निष्कर्ष थोडक्यात मांडावेत आणि दुसऱ्या शाखेच्या माणसालाही ते वाचता यावेत, हा त्यामागील हेतू होता.

१९३३ साली रामन इन्स्टिट्यूटचे संचालक होऊन बंगळूरला आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस स्थापन केली. एप्रिल १९३४ मध्ये तिची नोंदणी झाली आणि ३१ जुलैला उद्घाटन झाले. अकादमी म्हटली की मानपत्रे, मेजवान्या आणि सदस्यत्वासाठी चाललेली धडपड डोळ्यांपुढे येते. याही अकादमीच्या जन्मकाळी कलकत्ता, अलाहाबाद व बंगळूर यांच्यात मानापमानाचे राजकारण झालेच, आणि परिणामी देशात एकाऐवजी अनेक अकादम्या उभ्या राहिल्या. पण बंगळूरच्या अकादमीने पहिल्याच महिन्यात एक गोष्ट केली ती महत्त्वाची. तिच्या 'प्रोसीडिंग्ज'चा पहिला अंक जुलै १९३४ चा आहे, आणि पुढे महिन्याच्या महिन्याला अंक काढण्याचा परिपाठ तिने ठेवला. संस्थेला इमारत नव्हती तेव्हा तिला पत्रिका होती. संस्थानाने दिलेल्या जमिनीवर रामन संशोधन संस्था उभी राहिली ती १९४८ साली.

या पत्रिकांत काय छापले गेले हे पाहिले म्हणजे त्यांची योग्यता कळते. श्राव्यातीत ध्वनिलहरींमुळे प्रकाशाचे विवर्तन कसे होते याविषयीचा रामन व नागेंद्रनाथ यांचा सिद्धान्त १९३५-३६ मध्ये 'प्रोसीडिंग्ज'मधून क्रमशः प्रसिद्ध झाला, आणि त्या विषयाचा अभ्यासक आजही तेथूनच आरंभ करतो. दुसऱ्या महायुद्धाने युरोपात अडकून राहण्याऐवजी हिंदुस्थानातच राहिलेले होमी भाभा त्या वर्षांत बंगळूरला होते. विश्वकिरणांच्या वर्षावाविषयी त्यांनी एस. के. चक्रवर्ती यांच्यासह केलेली आकडेमोड १९४२ साली 'प्रोसीडिंग्ज'मध्ये आली. त्याच वर्षी, त्याच पत्रिकेत, विक्रम साराभाई या बावीस वर्षांच्या तरुणाचा पहिला संशोधनलेख छापून आला. ज्या काळात समुद्रमार्ग धोक्यात होते आणि परदेशी टपालाचा भरवसा राहिला नव्हता, त्या काळात देशातल्या देशात लेख देता येईल, त्याची परीक्षा होईल आणि तो वेळेवर छापला जाईल अशी सोय असणे याचा अर्थ काय होता, हे वेगळे सांगावयास नको.

मराठी वाचकाला 'करंट सायन्स'च्या जुन्या अंकांत एक ओळखीचे नाव भेटते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवणाऱ्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४० साली प्राचीन आहत नाण्यांच्या वजनांचा संख्याशास्त्रीय अभ्यास या मासिकात प्रसिद्ध केला, आणि चलनात फिरल्यामुळे नाण्याचे वजन कसे घटते यावरचा पुढचा लेख १९४२ साली तेथेच दिला. नाणे हातोहात फिरते तसे झिजते. जितके अधिक फिरते तितके सरासरी वजन उतरते आणि नाण्या-नाण्यांतील वजनाचा फरक वाढतो. तेव्हा तराजू आणि गणित यांच्या साह्याने नाण्यांचा कालानुक्रम लावता येईल, असे हे प्रतिपादन होते. कोसंबींच्या इतिहासलेखनाला पुढे जी दिशा मिळाली तिची एक सुरुवात या लेखांत आहे. हा लेख प्राच्यविद्येच्या पत्रिकेत गेला असता तर त्यातील गणिताने तेथील पंडित बिचकले असते. गणिताच्या पत्रिकेला नाण्यांचे कौतुक नव्हते. बेडकांच्या अभ्यासकाने संपादिलेल्या एका विज्ञानमासिकाने त्याला जागा दिली. चांगला संपादक लेखाची परीक्षा तर करतोच, पण ज्या लेखाला घर नाही त्याला कधी कधी घरही देतो, याचे हे उत्तम उदाहरण मानावे लागेल.

४

परंतु आपली पत्रिका आपल्या हाती असण्यात एक धोकाही असतो, आणि तोही बंगळूरने अनुभवला. अकादमीचे अध्यक्षपद १९३४ पासून १९७० साली देहावसान होईपर्यंत रामन यांच्याकडेच राहिले. जो अध्यक्ष, तोच पत्रिकेचा प्रमुख आधार आणि तोच तिचा सर्वांत मोठा लेखक, अशी ही स्थिती होती. स्फटिकातील अणूंच्या कंपनांविषयी रामन यांनी १९४१ च्या सुमारास एक नवा सिद्धान्त मांडला. माक्स बोर्न यांनी १९१२ साली फोन कार्मान यांच्यासह घातलेल्या पायाला तो छेद देणारा होता. हेच बोर्न १९३५-३६ मध्ये रामन यांच्याच निमंत्रणावरून बंगळूरला येऊन राहिले होते, म्हणून या वादाला एक वैयक्तिक धारही आली. स्फटिकाच्या कंपनांचा वर्णपट मोजक्या, सुट्या वारंवारतांचा असतो असे रामन यांचे म्हणणे होते. तो जवळजवळ अखंड असतो असे बोर्न यांचे. रामन व त्यांचे शिष्य यांचे या विषयावरील लेख 'प्रोसीडिंग्ज'मधून एकामागून एक येत राहिले. कॅनडात ब्रॉकहाउस यांनी १९५० नंतरच्या दशकात न्यूट्रॉनांच्या साह्याने या कंपनांची प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हा बोर्न यांचा पक्षच खरा ठरला.

विद्वानाची चूक होणे यात लाजिरवाणे काही नाही. प्रश्न वेगळा आहे. लेखकाला 'हे तपासून पाहा, येथे तुमचे अनुमान पुरे होत नाही' असे म्हणण्याचा अधिकार ज्या परीक्षकाला असावयास हवा, तो परीक्षक लेखकाहून लहान असला, त्याच्या नियुक्तीचा धागा लेखकाच्याच हाती असला, तर परीक्षा ही निव्वळ उपचार ठरते. त्या काळी पुष्कळशा अकादम्यांच्या पत्रिकांत, आणि बंगळूरच्याही पत्रिकेत, सदस्याने पुरस्कारिलेला लेख छापण्याची रीत होती. सदस्य थोर असेल तर त्याच्या शब्दालाच प्रमाणाची प्रतिष्ठा मिळत असे. न्यायशास्त्राच्या परिभाषेत बोलायचे तर येथे शब्दप्रमाणाने अनुमानाची जागा घेतली.

वाङ्मयाच्या क्षेत्रातून एक समांतर उदाहरण घेता येईल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली तेव्हा विष्णु सीताराम सुकथनकर यांच्यासारख्या अधिकारी संपादकानेही प्रत्येक पाठासाठी हस्तलिखितांची साक्ष पानाच्या तळाशी छापली. संपादकाचा निर्णय वर आणि त्या निर्णयाविरुद्ध जाऊ शकणारा सगळा पुरावा खाली, अशी ती योजना आहे. १९३३ साली आदिपर्व पुरे झाले आणि १९६६ साली मूळ संहितेचे काम संपले. या काळात संपादक बदलले, पण वाचकाला संपादकाशी मतभेद करण्याची मुभा कायम राहिली. चांगल्या प्रकाशनसंस्थेची खूण हीच आहे. तिच्यातील सर्वांत मोठ्या माणसालाही तपासता येईल अशी सोय तिच्या रचनेत असली पाहिजे.

अकादमीच्या बाजूने एवढे सांगितले पाहिजे की ही सोय तिने उशिरा का होईना केली. १९८८ साली, रामन यांच्या जन्मशताब्दीला, जी. वेंकटरामन यांनी लिहिलेले रामन यांचे बृहद् चरित्र अकादमीनेच प्रसिद्ध केले. त्यात बोर्न यांच्याशी झालेल्या वादाची चर्चा भक्तिभाव बाजूला ठेवून केलेली आहे. संस्थापकाची चूक संस्थेनेच छापावी, असे उदाहरण आपल्याकडे विरळा.

५

चौथे काम जतनाचे. प्रकाशनाच्या चार कामांत हे सर्वांत कमी दिसणारे आणि कदाचित सर्वांत टिकाऊ असे आहे. १९५६ साली रामन संशोधन संस्थेतील एस. पंचरत्नम या बावीस वर्षांच्या संशोधकाने 'प्रोसीडिंग्ज'मध्ये ध्रुवित प्रकाशाच्या व्यतिकरणावर एक लेख प्रसिद्ध केला. प्रकाशाच्या ध्रुवणाची प्रत्येक अवस्था एका गोलाच्या पृष्ठभागावरील बिंदूने दाखवता येते. प्रकाशाचा किरण एका अवस्थेतून दुसरीत, तेथून तिसरीत आणि परत पहिलीत नेला, तर गोलावर एक बंद आकृती तयार होते. किरण मूळ अवस्थेला आला तरी त्याची कला, म्हणजे लहरीतील चढउताराची स्थिती, मूळची राहत नाही. तिच्यात पडणारा फरक त्या आकृतीने गोलाच्या केंद्राशी केलेल्या घनकोनाच्या निम्मा असतो. प्रवासाच्या केवळ आकारामुळे, वाटेत काय घडले याच्याशी संबंध नसता, हा फरक पडतो, असा त्या लेखाचा सारांश आहे.

लेखाकडे त्या वेळी फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. पंचरत्नम पुढे ऑक्सफर्डला गेले आणि तेथेच १९६९ साली, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, वारले. १९८४ साली ब्रिस्टलचे मायकेल बेरी यांनी पुंजभौतिकीत हाच प्रकार अगदी व्यापक रूपात दाखवला आणि भौतिकशास्त्रात त्या विषयाची एक लाट उसळली. तेव्हा बंगळूरचे एस. रामशेषन व राजाराम नित्यानंद यांनी १९८६ साली 'करंट सायन्स'मध्ये एक टिपणी लिहून दाखवून दिले, की तीस वर्षांपूर्वीचा पंचरत्नम यांचा लेख हे याच गोष्टीचे आरंभीचे उदाहरण आहे. (नित्यानंद हे पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राचे संचालक झाले.) बेरी यांनी १९८७ साली पंचरत्नम यांच्या कामाचा स्वतंत्र लेख लिहून सादर गौरव केला. आज ग्रंथांतून 'पंचरत्नम कला' हे नाव रूढ आहे.

या हकिकतीतून दोन्ही बाजूंनी युक्तिवाद काढता येतो, आणि तो काढला जातोही. कोणी म्हणेल, की लेख लंडनच्या पत्रिकेत असता तर तीस वर्षे अंधारात राहिला नसता. हे बव्हंशी खरे आहे. लेख पोचवण्याच्या कामात बंगळूरची पत्रिका येथे उणी पडली. पण पुढचा भाग तितकाच खरा आहे. लेख ठरलेल्या खंडात, ठरलेल्या पानावर, तारखेसह छापलेला होता. खंड ग्रंथालयांत जपलेले होते. आणि तो ज्याने वाचला होता असा मनुष्य त्याच शहरात होता. हस्तलिखित असते, किंवा परिषदेतील नुसते भाषण असते, तर १९८६ साली दाखवावयास काय राहिले असते? ज्या व्यवस्थेने रामन यांचा दुबळा सिद्धान्त सहज आत येऊ दिला, त्याच व्यवस्थेने एका नवख्या तरुणाचा असामान्य लेखही फारशी वाट पाहायला न लावता आत घेतला, हेही या ठिकाणी ध्यानात ठेवणे न्याय्य होईल.

वरील टिपणीचे एक लेखक रामशेषन यांचे नाव अकादमीच्या प्रकाशनांच्या इतिहासात रामन यांच्या खालोखाल घ्यावे लागते. रामन यांच्या मागे 'प्रोसीडिंग्ज'ची अवस्था सर्वसाधारण जुन्या अकादमी-पत्रिकेसारखी झाली होती : एकाच वेष्टनात सगळे विषय आणि म्हणून कोणत्याच विषयाच्या माणसाला ती आपली न वाटणारी. विशेषीकरणाच्या युगाला हे मानवणारे नव्हते. १९७३ साली भौतिकशास्त्रासाठी 'प्रमाण' ही पत्रिका निघाली. नाव ठेवणाऱ्याला आपल्या दर्शनपरंपरेचे भान होते हे सांगावयास नको. त्यानंतर पदार्थविज्ञान, जैवविज्ञान, खगोलशास्त्र, अभियांत्रिकी अशा एकेका विषयाच्या पत्रिका निघत गेल्या आणि १९९६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी 'रेझोनन्स' सुरू झाले.

'प्रमाण'च्या आरंभकाळातच तिला एक मोठा लेख मिळाला. रामन संशोधन संस्थेतील एस. चंद्रशेखर (हे नागपूर विद्यापीठाचे पदवीधर आणि पंचरत्नम यांचे बंधू), बी. के. सदाशिव व के. ए. सुरेश यांनी १९७७ साली दाखवले, की चपट्या, चकतीसारख्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक तयार होतात. तोपर्यंत काडीसारखे लांब रेणू हेच त्याचे लक्षण मानले जाई. हा शोध परदेशी पत्रिकेत सहज आला असता. तो बंगळूरला छापला गेला आणि तरीही जगभरच्या अभ्यासकांनी तो शोधून वाचला. पंचरत्नम यांच्या लेखाला तीस वर्षे लागली, चंद्रशेखर यांच्या लेखाला लागली नाहीत. दोन्ही पत्रिका एकाच अकादमीच्या आणि दोन्ही लेखक एकाच घरातले. फरक एवढाच की दुसऱ्या वेळी पत्रिका विषयाला वाहिलेली होती आणि तिच्या वाचकांना ती कोठे शोधावी हे ठाऊक होते.

एखादी पत्रिका चालू ठेवणे हेही जतनच होय. 'जर्नल ऑफ जेनेटिक्स' हे आनुवंशशास्त्राचे नियतकालिक १९१० साली केंब्रिजला बेटसन व पनेट यांनी काढले. त्याचे संपादक जे. बी. एस. हॉल्डेन १९५७ साली हिंदुस्थानात राहावयास आले तेव्हा पत्रिकाही बरोबर घेऊन आले. पुढे ती भुवनेश्वरहून निघे. हॉल्डेन १९६४ साली वारले, त्यांच्या पत्नी हेलन स्पर्वे यांनी ती काही वर्षे चालवली आणि मग ती बंद पडली. १९८५ साली अकादमीने ती बंगळूरहून पुन्हा सुरू केली. एका माणसाच्या निष्ठेवर चाललेली पत्रिका त्या माणसाबरोबर संपते. तिला पुढे न्यावयाचे तर संस्था लागते.

६

आता व्यापारी प्रकाशकाकडे वळले पाहिजे. कारण आजच्या वादाचे कारण तोच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर संशोधनाचा विस्तार इतक्या वेगाने झाला, की जुन्या विद्वत्सभांच्या पत्रिकांना तो पेलवेना. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी १९५१ साली हाती घेतलेल्या पर्गमॉन प्रेससारख्या संस्थांनी ही संधी ओळखली. नवा विषय दिसला की त्याचे संपादकमंडळ जमवायचे आणि पत्रिका काढायची, ही त्यांची पद्धत होती. सभांनी ज्या नव्या शाखांना जागा दिली नव्हती त्यांना या प्रकाशकांनी ती दिली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. पण याच काळात एक तिढा निर्माण झाला. एका पत्रिकेची जागा दुसरी घेऊ शकत नाही. तांदूळ महागला तर ज्वारी घेता येते. अमुक लेख अमुक पत्रिकेत असेल तर तो तेथेच वाचावा लागतो. म्हणून ग्रंथालयाला वर्गणी वाढली तरी ती नाकारता येईना. पर्गमॉन १९९१ साली एल्सेव्हियर कंपनीच्या मालकीची झाली, आणि अशा एकत्रीकरणातून जगातील मोठ्या पत्रिका थोड्या हातांत गेल्या.

बंगळूरने या परिस्थितीला दिलेले उत्तर मध्यममार्गी आहे. संगणकाच्या जाळ्यावर अंक ठेवण्याची सोय झाल्याबरोबर अकादमीने आपल्या पत्रिका विनामूल्य वाचावयास ठेवल्या. २००७ पासून तिने जर्मनीत मूळ असलेल्या स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेशी सहप्रकाशनाचा करार केला. परदेशी वितरण स्प्रिंगरकडे गेले. संपादन आणि स्वतःच्या संकेतस्थळावर लेख खुले ठेवण्याचा हक्क अकादमीने आपल्याकडे राखला. पोचवण्याचे काम ज्याला चांगले येते त्याच्याकडून करून घ्यावे, परीक्षेचे व जतनाचे काम मात्र हातचे सोडू नये, असा या व्यवस्थेचा अर्थ होतो. पंचरत्नम यांच्या उदाहरणातील उणीव ध्यानात घेता ही वाटणी समंजस म्हटली पाहिजे.

देशाने एकंदरीत वेगळा मार्ग पत्करलेला दिसतो. २५ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्र सरकारने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' ही योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके, ६,३०० हून अधिक सरकारी संस्था आणि जवळपास १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक, असा तिचा आवाका सांगितला गेला. माणशी हिशेब केला तर वर्षाला अकराशे रुपयांच्या आसपास पडतात. आडगावच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला बंगळूरच्या विद्यार्थ्याइतकेच वाचावयास मिळावे, हा या योजनेचा हेतू निःसंशय स्तुत्य आहे. गडचिरोलीच्या अध्यापकाला जो लेख काल मिळत नव्हता तो आज मिळू लागला, तर त्याचे मोल कोणी कमी लेखू नये.

तथापि या रकमेने काय विकत घेतले जाते हे नीट पाहावे. घेतला जातो तो वाचण्याचा परवाना, तोही मुदतीचा. तारीख नोंदणे, परीक्षा करणे, जतन करणे ही कामे करण्याची शक्ती त्यातून देशात निर्माण होत नाही. ती शक्ती निर्माण होते ती नारायण रावांसारखा प्राध्यापक आपले अध्यापन सांभाळून दुसऱ्यांच्या टिपण्या तपासत बसतो तेव्हा, आणि रामशेषन यांच्यासारखा शास्त्रज्ञ जुनी पत्रिका मोडून तिच्या जागी सहा नव्या उभारतो तेव्हा. या कामाला विद्यापीठांच्या बढतीच्या कोष्टकात स्थान नाही. परदेशी पत्रिकेतील एका लेखाला तेथे गुण मिळतात. शंभर लेखांची निःस्पृह परीक्षा करणाऱ्याला मिळत नाहीत. परिणामी बंगळूरचा संशोधकही आपला उत्तम लेख प्रथम बाहेर पाठवतो आणि उरलेला अकादमीला देतो. मग त्या पत्रिकेत बरे काही येत नाही अशी तक्रार तोच करतो.

येथे मराठी अभ्यासकाने अलिप्तपणे पाहत राहण्याचे कारण नाही. आपल्याकडच्या संशोधनपत्रिकांची कहाणी याहून वेगळी नाही; फक्त रकमा लहान आहेत. वर्गणीदार कमी झाले, परीक्षक वेळेवर उत्तर देईनात, संपादक थकला, की अंक जोडअंक होतो, मग वार्षिक होतो आणि मग थांबतो. त्याच्याबरोबर कोणते लेख लिहिलेच गेले नाहीत याची नोंद कोठेच राहत नाही.

बंगळूरच्या नव्वद वर्षांवरून निष्कर्ष काढावयाचा तर तो असा निघतो. प्रकाशक निरर्थक आहे असे म्हणणाऱ्याला १९२८ ची ती छापील तारीख आणि १९५६ चा तो जपलेला खंड यांचे उत्तर द्यावे लागेल. परदेशी पत्रिकेचा शिक्का म्हणजेच गुणवत्ता असे मानणाऱ्याला १९७७ च्या 'प्रमाण'चा तो अंक उघडून पाहावा लागेल. आणि पत्रिका आपल्या मालकीची झाली की सर्व ठीक होईल असे मानणाऱ्याला १९४१ नंतरच्या 'प्रोसीडिंग्ज'ची पाने वाचावी लागतील. प्रकाशनाचे मूल्य कागदात नाही आणि मालकीतही नाही. दुसऱ्याचे लेखन स्वतःच्या लेखनाइतक्या काळजीने, आणि त्याच्या मोठेपणाला न भिता, तपासणारी माणसे तयार ठेवण्यात ते आहे. ६,००० कोटींच्या वर्गणीबरोबर या माणसांच्या वेळेचीही काही तरतूद झाली, तर पुढच्या पंचरत्नमला तीस वर्षे वाट पाहावी लागणार नाही.